पावलॉव्हचे कुत्रे, लिंबाचा रस आणि आवाज न सोसणारा मेंदू



वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू झालं की काही जण खिडकी लावून घेतात आणि आपल्या कामाला लागतात. काही जणांना मात्र त्या आवाजानंतर तासभर काही सुचत नाही. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं म्हणून नवा शर्ट घरी आल्याबरोबर कात्री घेणारे, ट्यूबलाइटची बारीक फडफड बाकी कुणाला दिसत नसताना दिसणारे, लिफ्टमध्ये कुणी भरपूर सेंट मारून आलं की आपला मजला येईपर्यंत श्वास रोखून धरणारे, असे लोक तुम्हीही पाहिले असतील. कदाचित तुम्ही स्वतःच त्यांच्यापैकी असाल.

अशा माणसाला घरात काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको. 'नखरे', 'नाजूकपणा', 'आम्हाला बरं काही होत नाही!' मराठीत आपल्याकडे 'हळवा' हा छान शब्द आहे, पण तो मनाच्या हळवेपणासाठी. कानाचा, त्वचेचा, नाकाचा हळवेपणा सांगायला शब्द नसल्याने तो बहुतेक वेळा स्वभावदोषाच्या खात्यात जमा होतो.

म्हणून दवाखान्यात दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, "डॉक्टर, हे खरंच मेंदूत काही असतं, की मी उगाच मनावर घेते?" दुसरा, "ब्रेन मॅपिंग करून घेऊ का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नको. पहिल्याचं उत्तर मात्र शंभर वर्षांच्या गोष्टीत दडलेलं आहे. ती गोष्ट आज सांगतो. ती कळली की दुसऱ्या प्रश्नाला मी 'नको' का म्हणतो, तेही आपोआप कळेल.

पुरात सापडलेले कुत्रे

इव्हान पावलॉव्ह हे नाव शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असतं. खाणं देण्याआधी रोज एक ठरावीक आवाज ऐकवला की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा त्यांचा प्रयोग. पुस्तकातला धडा इथेच संपतो. आपल्याला हवा आहे तो त्याच्या पुढचा भाग.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डझनावारी कुत्रे पाहिल्यावर पावलॉव्ह यांच्या लक्षात आलं, की सगळे कुत्रे सारखे नसतात. आवाज मोठा करत नेला की लाळ वाढत जाते, हे साधारण सगळ्यांमध्ये दिसतं. पण एका मर्यादेनंतर आवाज आणखी वाढवला, तर लाळ वाढण्याऐवजी कमी होऊ लागते. जणू मेंदू म्हणतो, आता पुरे, आणि दार लावून घेतो. ही मर्यादा काही कुत्र्यांत खूप वर असते, काहींत लवकरच येते. ज्यांच्यात ती लवकर येते, त्यांच्या मज्जासंस्थेला पावलॉव्ह यांनी 'दुर्बळ' म्हटलं. हिप्पोक्रॅटिसच्या काळापासून चालत आलेल्या चार स्वभावप्रकारांपैकी उदास, भित्रा प्रकार तो हाच, असंही त्यांनी जोडून दिलं.

मग १९२४ सालचा सप्टेंबर आला. लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि पाणी कुत्र्यांच्या खोल्यांत शिरलं. पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला होती, त्यामुळे कुत्र्यांना आधी पाण्याखाली ओढून मगच बाहेर काढावं लागलं. सगळे वाचले. पण नंतर पाहिलं, तर काही कुत्र्यांनी महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं पुसलं गेलं होतं. काहींवर जवळजवळ काहीच परिणाम नव्हता. पूर तोच, पाणी तेच, सुटकेची पद्धतही तीच. पुढे त्यातला एक कुत्रा सावरल्यावर स्पेरान्स्की नावाच्या सहकाऱ्याने खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत सोडली. तेवढ्याने तो कुत्रा पुन्हा कोसळला.

यात मेंदूचा एकही आलेख नाही, हे लक्षात घ्या. पावलॉव्ह लाळेचे थेंब मोजत होते आणि त्यावरून मेंदूत काय चाललं असेल याचा अंदाज बांधत होते. तरीही दोन गोष्टी त्यांना बरोबर दिसल्या. एकाच उत्तेजनाला वेगवेगळ्या मज्जासंस्था वेगळा प्रतिसाद देतात. आणि अति झालं की मेंदू स्वतःच्या बचावासाठी प्रतिसाद कमी करतो. लग्नाच्या हॉलमधून दोन तासांनी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत, कुणाशी न बोलता पडून राहणारी व्यक्ती तुमच्या घरात असेल, तर ही दुसरी गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल.

चुकलं काय असेल, तर 'दुर्बळ' हा शब्द. आणि शब्द चिकटतात.

मॉस्कोत झालेली दुरुस्ती

ही दुरुस्ती पावलॉव्ह यांच्याच परंपरेतल्या माणसांनी केली, हे मला फार आवडतं. मॉस्कोत बोरिस तेप्लोव्ह नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा आधीचा अभ्यास संगीताच्या क्षमतेचा. म्हणजे बारीक फरक ऐकू येणं ही देणगी असते, हे ज्यांना पक्कं माहीत होतं, असा हा माणूस. त्यांनी साधा प्रश्न विचारला: जी मज्जासंस्था मोठ्या आवाजाने लवकर थकते, ती लहान आवाज जास्त चांगला ऐकत असेल तर?

त्यांचे तरुण सहकारी व्लादिमीर नेबिलित्सिन यांनी हे मोजलं. कुत्र्यांऐवजी माणसं, लाळेऐवजी दिव्याची उघडझाप, आवाज आणि बटण दाबायला लागणारा वेळ. ज्यांची मज्जासंस्था चाचण्यांत 'दुर्बळ' ठरत होती, त्यांना इतरांना न दिसणारा मंद प्रकाश दिसत होता आणि इतरांना न ऐकू येणारा बारीक आवाज ऐकू येत होता. हलक्या आवाजाला ते इतरांपेक्षा चटकन बटण दाबत. आवाज मोठा झाला की हा फरक नाहीसा होई.

म्हणजे ती दुर्बळता नव्हतीच. सोन्याचा काटा आणि धान्याच्या वखारीतला काटा यांत जो फरक, तो हा फरक. सोन्याच्या काट्यावर पोतं ठेवलं तर तो बिघडणारच, पण म्हणून त्याला कुणी कच्चा काटा म्हणत नाही.

नेबिलित्सिन १९७२ मध्ये विमान अपघातात गेले. तेव्हा त्यांचं वय फक्त बेचाळीस होतं. हे सगळं काम रशियन भाषेत असल्याने पश्चिमेकडच्या डॉक्टरांपर्यंत ते उशिरा आणि तुटक तुटक पोचलं. जेफ्री ग्रे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये त्यातलं बरंचसं इंग्रजीत आणलं, नाहीतर ते कदाचित कपाटातच राहिलं असतं.

मेंदूचा पहिला आलेख

ज्या वर्षी लेनिनग्राडला पूर आला, त्याच १९२४ च्या जुलै महिन्यात जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर हे मनोविकारतज्ज्ञ माणसाच्या डोक्यातून निघणारी वीज पहिल्यांदा नोंदवत होते. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. नेमकं त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटून तिने तार करायला लावली. विचार एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत जातात का, हे शोधण्याच्या नादात बर्गर यांनी आयुष्य घालवलं. विचार जाताना काही दिसले नाहीत, पण ईईजी मात्र मिळाला. विज्ञानात असं होतं.

१९२९ मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं. आपल्या विषयासाठी त्यातली एक नोंद महत्त्वाची. माणूस डोळे मिटून शांत बसला की सेकंदाला साधारण दहा अशा संथ लहरी दिसतात. डोळे उघडले की त्या मोडतात. बाहेरून माहिती येऊ लागली की मेंदूची लय बदलते, हे प्रथमच कागदावर दिसलं. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मागून यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की मेंदूच्या देठात एक जाळं असतं आणि ते मेंदूला जागं ठेवतं. या दोन गोष्टी हातात आल्यावर कुणीतरी 'संवेदनशील माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो' असं म्हणणार, हे उघडच होतं.

ते म्हटलं लंडनच्या हान्स आयझेंक यांनी, १९६७ मध्ये. अंतर्मुख माणसाचा मेंदू आधीच भरपूर जागा असतो, म्हणून त्याला बाहेरचा गोंगाट नको असतो. बहिर्मुख माणसाचा मेंदू थोडा पेंगुळलेला, म्हणून तो गोंगाट शोधत फिरतो, असा तो सिद्धान्त. त्यांची एक परीक्षा मजेदार होती. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि किती लाळ सुटते ते कापसाच्या वजनावरून मोजायचं. अंतर्मुख लोकांना जास्त लाळ सुटत असे. पुन्हा लाळच!

सिद्धान्त सुटसुटीत होता, ईईजी मशीन हाताशी होतं, त्यामुळे ढिगाने अभ्यास झाले. निकाल काय? काहींत अंतर्मुखांचा मेंदू जास्त जागा, काहींत बहिर्मुखांचा, काहींत फरकच नाही. नुसतं शांत बसवून काढलेल्या आलेखावरून माणूस ओळखता येईना. (आयझेंक यांचं नाव हल्ली जपूनच घ्यावं लागतं. स्वभाव आणि कॅन्सर यांचा संबंध सांगणारे त्यांचे काही शोधनिबंध विश्वासार्ह नाहीत, असा निष्कर्ष त्यांच्याच विद्यापीठाने २०१९ मध्ये काढला. लिंबाच्या रसाचं प्रकरण त्यात नव्हतं.)

त्याच सुमारास अमेरिकेत माँटी बुक्सबाम आणि ज्युलियन सिल्व्हरमन यांनी जरा वेगळा विचार केला. शांत मेंदू पाहण्याऐवजी त्यांनी डोळ्यांसमोर कमी-जास्त तेजाचे प्रकाशझोत टाकले आणि प्रत्येक झोताला मेंदूत उठणारी लाट मोजली. १९६८ मध्ये त्यांनी सांगितलं, की काही लोकांत प्रकाश वाढेल तशी लाट वाढते, तर काहींत प्रकाश फार झाला की लाट उलट लहान होते. तुम्हाला वाटेल, संवेदनशील लोक पहिल्या गटात असणार. त्यांना उलट दिसलं. ज्यांना मुळात थोडक्यातही जास्त जाणवतं, त्यांचा मेंदू भडिमार झाल्यावर दार लावतो, असा अर्थ त्यांनी लावला. आणि पुढे १९७४ मध्ये असंही दिसलं, की ज्यांना धोका, वेग, गोंगाट आवडतो, त्यांच्या लाटा प्रकाशाबरोबर वाढत जातात. पावलॉव्ह यांनी कुत्र्याच्या लाळेत जे पाहिलं होतं, ते इथे विजेच्या लाटेत पुन्हा दिसलं.

हे मी जरा लांबवून सांगतोय, कारण आजही 'तुमचा मेंदू ओव्हरॲक्टिव्ह आहे' असं एक वाक्य सांगून रंगीत रिपोर्ट हातात दिला जातो. संवेदनशील मेंदू प्रत्येक वेळी 'जास्त' काम करत नाही. कधी जास्त, कधी मुद्दाम कमी. केव्हा काय, हे उत्तेजनाच्या तीव्रतेवर अवलंबून असतं.

पाळण्यातली मुलं

हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी मोठ्या माणसांना सोडून चार महिन्यांच्या बाळांकडे पाहिलं. बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, टेपवरचे आवाज ऐकवायचे, नाकाजवळ स्पिरिटचा बोळा धरायचा. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, पाठीची कमान करायचं, रडायचं. काही बाळं शांतपणे बघत राहायची. या मुलांच्या मागे केगन आणि सहकारी अनेक वर्षं राहिले. हातपाय झाडणारी बाळं पुढे अनोळखी माणसं आणि नव्या जागा यांच्याबाबतीत जास्त सावध निघण्याकडे कल होता. कल म्हणतोय, नियम नाही. त्यातली बरीच मुलं मोठेपणी अजिबात भित्री नव्हती.

२००३ मध्ये कार्ल श्वार्ट्झ, केगन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर काम केलं. दोन वर्षांचे असताना ज्यांची नोंद 'सावध' किंवा 'बिनधास्त' अशी झाली होती, अशा २२ जणांना विशीत आल्यावर एफएमआरआयमध्ये झोपवून चेहरे दाखवले, काही ओळखीचे झालेले, काही अगदी नवे. मेंदूच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ असते. नवं, महत्त्वाचं, धोक्याचं काही दिसलं की ती जागी होते. लहानपणी सावध असलेल्यांत नव्या चेहऱ्यांना ती जास्त जागी होत होती. म्हणजे वीस वर्षांनीही काहीतरी शिल्लक होतं. 'लाडाने बिघडवलं' असं जिला ऐकवलं जातं, त्या आईने हे जरूर वाचावं. चार महिन्यांच्या बाळाला बिघडवायला कुणाला वेळच मिळालेला नसतो.

मशीन बदललं, प्रश्न तोच

एफएमआरआय म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. हे मशीन विचार किंवा भावना दाखवत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन किती बदलला, ते दाखवतं. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तंत्र उंदरांवर दाखवलं आणि दोनच वर्षांत ते माणसांवर आलं.

दरम्यान कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी १९९६ मध्ये अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी पती आर्थर यांच्याबरोबर शोधनिबंध आणि २७ प्रश्नांची प्रश्नावली दिली. मोठे आवाज, उग्र वास, खरखरीत कापड, चहा-कॉफीचा परिणाम, भूक लागल्यावर होणारी चिडचिड, दुसऱ्याच्या मूडचा आपल्यावर होणारा परिणाम, संगीताने भारावून जाणं, असं सगळं त्यात आहे. त्यांनी हा रोग मानला नाही, स्वभावाचा एक गुण मानला. मनोविकारांच्या अधिकृत यादीतही तो नाही. माझ्या मते प्रश्नावली थोडी सगळंच एका पिशवीत भरणारी आहे. गाण्याने डोळे भरून येणं आणि स्वेटर टोचणं एकाच मुळातून येतं, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. पण लाखो लोकांना पहिल्यांदाच स्वतःसाठी एक शब्द मिळाला, हे श्रेय त्यांचं.

मग स्कॅन सुरू झाले. २०११ च्या एका अभ्यासात १६ जणांना निसर्गदृश्यांच्या जोड्या दाखवल्या. काहींत ढोबळ फरक, काहींत अगदी बारीक. प्रश्नावलीत जास्त गुण असलेल्यांच्या मेंदूत बारीक फरक शोधताना दृश्याचा अर्थ लावणारे भाग जास्त कामाला लागले. २०१४ मध्ये बियांका असेव्हेदो आणि सहकाऱ्यांनी १८ नवविवाहितांना आपल्या जोडीदाराचे आणि अनोळखी माणसांचे हसरे, दुःखी, निर्विकार फोटो दाखवले. जास्त संवेदनशील लोकांत इन्सुला, सिंग्युलेट आणि कृतीची तयारी करणारे भाग जास्त जागे झाले. इन्सुला म्हणजे शरीराच्या आत काय चाललंय याची खबर ठेवणारा भाग: छातीत धडधड, पोटात कालवाकालव, सगळं तिथे नोंदवलं जातं.

आता जरा थांबा. १६ जण, १८ जण. आपल्या सोसायटीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या थोड्या लोकांवरून निघालेला निष्कर्ष दिशा दाखवतो, पत्ता सांगत नाही.

आणि एक गंमत सांगतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट नावाच्या संशोधकाने बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवला आणि रीतसर त्याला माणसांचे फोटो दाखवले. गणितात आवश्यक ती काळजी न घेता हिशेब केला, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ठिपके उजळले! मेंदूचे हजारो बारीक तुकडे एकाच वेळी तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगाने उजळतातच, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांना २०१२ चा इग्नोबेल मिळाला. रंगीत ठिपके दाखवून कुणी तुमच्याकडून पैसे मागितले, तर हा मासा आठवा.

आता दुसरा मुद्दा, माझ्या 'नको' मागचा. हे सगळे निकाल गटाच्या सरासरीचे आहेत. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते, हे खरंच. पण फक्त उंची सांगितली, पाच फूट पाच इंच, तर ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे तुम्ही सांगू शकाल का? तसंच आहे. तुमचा ईईजी किंवा एमआरआय बघून तुम्ही संवेदनशील आहात की नाही, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही. उलट रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला." एका पेशंटच्या बाबतीत हे झालेलं मी पाहिलं आहे. पैसे गेले ते गेलेच, वर हातातलं असलेलं समर्थनही गेलं.

सवय न होणारा मेंदू

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो ऑटिझमच्या मुलांवरचा अभ्यास. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं पहिलं वर्णन लिहिलं. त्यात मोठ्या आवाजांना घाबरणारी मुलं होती. तरीही ऑटिझमच्या अधिकृत लक्षणांमध्ये संवेदनांची ही तक्रार यायला २०१३ साल उजाडलं. सत्तर वर्षं आया सांगत होत्या, 'व्हॅक्यूम क्लीनर लावला की हा कान दाबून किंचाळतो', आणि ते मुख्य यादीत नव्हतं. मधल्या काळात जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने स्पर्श न सोसणाऱ्या मुलांबद्दल १९६० च्या दशकापासून लिहिलं होतं, पण तेव्हा डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही.

शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या लॉस एंजलिसच्या गटाने २०१५ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या हातावर खरखरीत लोकर घासली, कानात रहदारीचा आवाज दिला, आणि हे पुन्हा पुन्हा करत मेंदू पाहिला. ज्या मुलांना संवेदना फार त्रास देत होत्या, त्यांच्यात अमिग्डाला आणि संवेदना नोंदवणारे भाग पुन्हा पुन्हा तेवढ्याच जोराने उठत राहिले. त्यांना सवयच होत नव्हती. ऑटिझम असूनही ज्यांना हा त्रास नव्हता, त्यांच्यात कपाळामागचा मेंदू अमिग्डालाला आवर घालताना दिसला.

म्हणजे प्रश्न फक्त 'किती जोरात वाजतं' हा नाही. 'कितव्यांदा वाजल्यावर वाजणं थांबतं' हाही आहे. पंख्याचा आवाज तुम्हाला आत्ता ऐकू येत नव्हता. मी लिहिल्यावर आला. मेंदू तो गाळून टाकत होता. काहींचं हे गाळणं तोकडं पडतं.

मायग्रेनच्या पेशंटमध्येही असंच असतं, अशी १९९० च्या दशकात बेल्जियममधल्या ज्याँ शोनेन यांच्या गटाची मांडणी होती. डोळ्यांसमोर सारखी चौकट बदलत ठेवली, की इतरांची लाट हळूहळू लहान होते, मायग्रेनवाल्यांची होत नाही. बरीच वर्षं हे पाठ्यपुस्तकातलं सत्य होतं. मग नॉर्वेतल्या संशोधकांनी आलेख मोजणाऱ्याला कुणाचा आलेख आहे हे न सांगता मोजायला लावलं. फरक दिसला नाही. वाद चालू आहे. मायग्रेनमध्ये प्रकाश सोसत नाही, हे मात्र वादातीत आहे. त्याचं कारण मेंदूत नेमकं कसं मोजायचं, एवढ्यावरच भांडण आहे.

जेवताना कुणी मचमच आवाज केला की काहींच्या अंगाचा तिळपापड होतो. त्याला मिसोफोनिया म्हणतात. सुखबिंदर कुमार आणि न्यूकॅसलच्या गटाने २०१७ मध्ये अशा २० जणांना चावण्याचे, घोट घेण्याचे, श्वासाचे आवाज ऐकवले. इन्सुलाचा पुढचा भाग जोरात उठला, नाडी वाढली, हाताला घाम आला. रडणारं बाळ किंवा किंचाळी हे आवाज सगळ्यांनाच नकोसे वाटतात, पण त्यांनी हा फरक दिसला नाही. फक्त त्या ठरावीक आवाजांनीच दिसला. तेव्हा जेवणाच्या ताटावरून मुलगी उठून जात असेल, तर ती तुमचा अपमान करत नाहीये.

दवाखान्यात कधी यावं

हा स्वभाव लहानपणापासून असतो. आजवर सगळं सोसत होतं आणि अचानक प्रकाश किंवा आवाज सोसेनासा झाला, तर तो स्वभाव नव्हे, लक्षण आहे. सोबत ताप, मान आखडणे, जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी असेल तर ब्लॉग वाचत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. काही आठवड्यांत हळूहळू वाढलेला त्रास असेल, तर आम्ही मायग्रेन, थायरॉइड, कानाचे विकार, डोक्याला नुकताच लागलेला मार, चिंता आणि झोप यांकडे बघतो. येताना आठवड्याभराची नोंद आणा: कोणता आवाज किंवा प्रकाश, किती वाजता, आदल्या रात्री किती तास झोप, दिवसभरात किती कप चहा. स्त्रियांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. एमआरआयपेक्षा हा कागद मला जास्त सांगतो.

आणि कानात घालायच्या बोळ्यांबद्दल, कारण ते सगळेच विचारतात. डीजे, फटाके, ड्रिल यांसाठी जरूर वापरा. तिथे ते कानाचं रक्षण करतात. पण कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून दिवसभर घालून बसू नका. अमेरिकेत क्रेग फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे सतत बोळे घालायला लावले. त्यानंतर तेच आवाज त्यांना आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानात त्याच काळात सतत मंद खरखर सोडली होती, त्यांना तेच आवाज आधीपेक्षा लहान वाटले. आत येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपलं बटण वाढवतो. म्हणून घरात अगदी चिडीचूप शांतता करण्यापेक्षा पंखा चालू ठेवा, हळू आवाजात रेडिओ लावा, आणि बोळे पिशवीत ठेवा.